गोष्ट केवढी असावी?

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी रविवारच्या मिस्साबलिदानानंतर वही घेऊन माझ्याकडे आली. वही दोनशे पानी होती आणि तिची सत्तर-ऐंशी पाने निळ्या शाईने गच्च भरलेली होती. "फादर, हिला कथा म्हणायचं की कादंबरी?" तिने विचारले.

भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्दचे धरण आहे. १९८८ साली त्याची कोनशिला बसली आणि पुढे नदीकाठची कितीतरी गावे उठली. मुलीचे आजोळ अशाच एका गावातले. गाव सोडण्यापूर्वीचा शेवटचा पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा, एवढाच काळ तिने लिहिला होता. आजोबा भरपाईच्या अर्जासाठी धुऱ्यावरची झाडे मोजतात आणि दर खेपेला आकडा वेगळा येतो. आजी रोज एक भांडे बांधते आणि दुसऱ्या दिवशी सोडते. शेवटी ट्रक येतो. गोष्ट तेथे संपते.

मी दोन रात्री ती वही वाचली आणि मोठ्या अधिकाराने निकाल दिला : "बाळ, कथेला ही फार मोठी आणि कादंबरीला फार लहान. आठ पानांत बसव." सेमिनरीत प्रवचनाच्या तासाला आम्हांला शिकविले होते, की दहा मिनिटांत जे सांगून होत नाही ते व्यासपीठावरून सांगूच नये. तोच गज मी वहीला लावला. मुलगी आज्ञाधारक. तिने आठ पाने केली आणि ती एका अंकात छापूनही आली. छापील पाने हाती घेतली तेव्हा त्यांत ट्रक होता, रडारड होती, गाव सुटल्याची बातमी होती. झाडे मोजणारे आजोबा मात्र एका वाक्यापुरते उरले होते आणि आजीची भांडी तर गेलीच होती. मीच कापायला लावली होती.

त्या चुकीने मला वाचायला बसविले. मराठीत लहान-मोठ्या गोष्टींचे आकार कसे घडले, कोणी ठरविले, याचा जो शोध घेता आला तो वाचकांपुढे ठेवतो.

आधी नावांचा घोटाळा. ज्या आकाराची तिची वही होती त्याला मराठीत 'लघुकादंबरी' म्हणतात, कोणी 'दीर्घकथा' म्हणतात. दोन्ही नावे शेजाऱ्याच्या घरून मागून आणलेली. एक म्हणते ही लहान केलेली कादंबरी, दुसरे म्हणते ही लांबविलेली कथा. तिचे स्वतःचे असे नाव कोणी ठेवलेच नाही. 'कादंबरी' हे तरी नाव कोठले? सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेची ती नायिका. तिचे नाव मराठीने एका सबंध वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले. युरोपात मात्र या मधल्या आकाराला स्वतःचे जुने नाव आहे. इटालियन भाषेत त्याला 'नोव्हेला' म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ नवी वार्ता, नवलाची हकिकत असा आहे. १३४८ साली फ्लॉरेन्स शहरात प्लेगने माणसे मरत असताना सात स्त्रिया आणि तीन पुरुष शहराबाहेर जातात आणि दहा दिवस रोज दहा गोष्टी सांगतात, अशी चौकट कल्पून बोकाचिओने आपला 'डेकॅमेरॉन' रचला. त्या शंभर गोष्टी म्हणजे शंभर नोव्हेला. त्यांतील काही दोन-तीन पानांच्या आहेत. म्हणजे आरंभी हे नाव लांबीचे नव्हतेच. स्पेनमध्ये सर्व्हांतेसने १६१३ साली अशा बारा गोष्टींचा संग्रह छापला, तोवर आकार बराच वाढला होता. जर्मन कवी गटे याने १८२७ साली आपल्या स्नेह्याशी बोलताना तिचे लक्षण सांगितले ते असे, की पूर्वी कधी न ऐकलेली पण खरोखर घडलेली एक घटना म्हणजे नोव्हेला. एक घटना. तिच्याभोवती जेवढी माणसे अपरिहार्य तेवढीच.

आता आपल्याकडे येऊ आणि थेट भंडाऱ्यातच येऊ. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींच्या आरंभीच्या अनुयायांत नीळभट्ट भांडारेकार हे नाव येते. ते याच भंडाऱ्याचे. घरदार सोडून ते स्वामींमागे निघाले. त्यांची हकिकत आपल्याला कळते ती म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास रिद्धपूर येथे सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'तून. मराठी गद्याचा हा आरंभीचा ग्रंथ. स्वामी गेल्यानंतर म्हाइंभट त्यांच्या सहवासातील माणसांना गाठून एकेक आठवण मिळवीत होते. प्रत्येक आठवण म्हणजे एक 'लीळा'. कोणी कोठे भेटले, काय विचारले, काय उत्तर मिळाले, संपले. एखादी लीळा चार ओळींची, एखादी दोन पानांची. पोथ्यांतून कोणाच्या आठवणीत काय वेगळे होते तेही नावानिशी नोंदलेले सापडते. चार शुभवर्तमाने शेजारीशेजारी ठेवून वाचण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना ही रीत परकी वाटू नये.

याच परंपरेत केसोबासांचा 'दृष्टांतपाठ' आहे. स्वामींनी निरूपणात सांगितलेल्या एकशे चौदा लहान गोष्टी त्यात एकत्र केल्या आहेत. जन्मांध माणसे हत्ती चाचपतात आणि प्रत्येकाला वेगळाच हत्ती सापडतो, ती गोष्ट यांपैकीच. प्रत्येकाची मांडणी त्रिपदरी आहे. आधी स्वामींचे सूत्र, मग दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि अखेरीस केसोबासांनी जोडलेला 'दार्ष्टांतिक', म्हणजे गोष्टीचा सूत्राशी लावलेला मेळ.

हे वाचताना मला प्रभूच्या दाखल्यांची आठवण होणे साहजिक होते. पेरणाऱ्याच्या दाखल्याला शुभवर्तमानात स्पष्टीकरण जोडलेले आहे, म्हणजे तेथे दार्ष्टांतिक आहे. पण लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दाखल्याला तो नाही. बावीस वचनांत एक घर, एक बाप, दोन मुलगे आणि दूर देशातली डुकरे एवढे येते, आणि थोरला मुलगा अंगणात उभा असताना बोलणे थांबते. तो आत गेला की नाही हे कोणी सांगत नाही. आम्ही प्रवचनकार मात्र गेली कित्येक शतके त्याला आत नेतो आहोत किंवा बाहेर ठेवतो आहोत. केसोबासांनी निदान आपला भाग वेगळ्या मथळ्याखाली लिहिला. मूळ कोठे संपते आणि भाष्य कोठे सुरू होते हे वाचकाला दिसते. आमच्या प्रवचनांत ती सीमा राहत नाही, हे मी स्वतःला धरूनच म्हणतो आहे.

तेराव्या शतकात एवढे सरस लघुगद्य मराठीत होते, तर मग मराठी कथेचा इतिहास एकोणिसाव्या शतकात का सुरू होतो? कारण तो ठेवा कुलुपात गेला. महानुभावांनी चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पंथाबाहेरच्या माणसाला ती अक्षरे लागत नसत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा कोठे बाहेरच्या मराठी वाचकाला कळले की आपल्या भाषेत सहाशे वर्षांपूर्वी अशी गोष्ट सांगत होते. दुसरे कुलूप आपल्या घरातले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. ओव्यांत आहे म्हणून त्याला गद्यकथेच्या इतिहासात धरता येत नाही. पण काना गावचे लग्न किंवा वाळवंटातली परीक्षा अशी एकेक आख्याने त्यात आपापल्या पायावर उभी आहेत. ग्रंथ मराठी, पण अक्षरे रोमन. देवनागरी टाइप हाती नव्हता. तो देवनागरीत छापून आला १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनातून. तीनशे चाळीस वर्षे गेली. एक ठेवा आपल्याच संकेतांत मिटलेला, दुसरा परक्या अक्षरांत.

मधल्या काळात गोष्ट जिवंत राहिली ती बायकांच्या तोंडी. श्रावणातील कहाण्या 'आटपाट नगर' म्हणत सुरू होतात, आणि साठ उत्तरांची कहाणी आपण पाच उत्तरांत पुरी केली असे सांगून संपतात. मला यात मोठे शहाणपण दिसते. सांगणारी बाई कबूल करते की मूळ कहाणी मोठी आहे, मी ती आटोपती घेतली आहे. मी त्या मुलीला पाच उत्तरांची कहाणी करायला सांगितले, पण हे कबुलीचे वाक्य जोडायला सांगितले नाही.

छपाई आल्यावर आरंभी भाषांतरे झाली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या इसापनीतीच्या कथा १८२८ सालच्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी गोष्टी १८६१ पासून निघू लागल्या. या दोन सालांच्या मध्ये, १८५७ साली, बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. पदमनजींचा जन्म बेळगावचा, १८३१ चा. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रॉटेस्टंट पंथाचे, तरी मराठी ख्रिस्ती लेखकांचे ते सर्वांचेच पूर्वज. पुष्कळ अभ्यासक या पुस्तकाला मराठीतील पहिली कादंबरी म्हणतात. शिकलेली यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणी विधवांची दुःखे पाहते आणि अखेरीस तीच विधवा होते. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, झाला होता. म्हणजे शाई ओली असतानाच पुस्तक आले.

मी हे पुस्तक पूर्वी इतिहास म्हणून वाचले होते. या खेपेला आकाराच्या प्रश्नासाठी वाचले आणि वेगळेच दिसले. पुस्तक आटोपशीर आहे. आजच्या हिशेबाने लघुकादंबरीच. पण त्यात दोन माणसे एका लेखणीने लिहितात. एकाला गोष्ट सांगायची आहे. त्याला एकेका विधवेचे बोलणे ऐकू येते आणि घरातल्या बायकांचे टोमणे नेमके कळतात. दुसऱ्याला उपदेश करायचा आहे आणि तो मध्येच गोष्ट थांबवून युक्तिवाद मांडतो. जेथे पहिला लिहितो तेथे पुस्तक अजून जिवंत आहे. दुसऱ्याची पाने आज अभ्यासकच वाचतात. दृष्टांत आणि दार्ष्टांतिक असे एकमेकांत कालवले गेले. पदमनजींना दोष देण्याचा अधिकार आम्हां धर्मगुरूंना सर्वांत कमी आहे. त्यांच्यापुढे मराठी गद्यकथेचा नमुना नव्हता. म्हाइंभट आणि केसोबास कुलुपात होते.

यापुढे मात्र गोष्टीचा आकार लेखकापेक्षा नियतकालिकांनी अधिक ठरविला. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढले. त्यात त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः येत असे. तिच्या शेजारी ज्या सुट्या, एका-दोन अंकांत संपणाऱ्या गोष्टी येत त्यांना नाव पडले 'स्फुट गोष्टी'. स्फुट म्हणजे मोठ्यापासून सुटलेली, किरकोळ. तरी दुष्काळावरची त्यांची 'काळ तर मोठा कठीण आला' ही गोष्ट वाचावी. किरकोळ म्हणण्याची हिंमत होणार नाही. १८९५ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे 'मासिक मनोरंजन' निघाले आणि १९०९ साली त्याने पहिला दिवाळी अंक काढला. साप्ताहिकापेक्षा मासिकात पाने अधिक, म्हणून गोष्ट जरा ऐसपैस झाली. हैद्राबादेत राहून लिहिणाऱ्या दिवाकर कृष्णांचा 'समाधी आणि इतर सहा गोष्टी' हा संग्रह १९२७ चा. सातच गोष्टी, पण प्रत्येक संथ, मनाच्या आत उतरणारी. त्यानंतर ना. सी. फडक्यांनी कथेचे तंत्र बांधले. आरंभ असा, गुंतागुंत अशी, शेवटी कलाटणी अशी. विद्यार्थ्यांना ते सोयीचे झाले. माझ्या पिढीच्या शालेय पुस्तकांतील कथा बहुतेक या मापाच्या, आणि माझ्या मनातला तो आठ पानांचा आकडाही तेथूनच आला असावा.

विदर्भातून वामन कृष्ण चोरघडे आले. जन्म १९१४ चा, नरखेडचा. पहिली कथा 'अम्मा' १९३२ ची. कलाटणीच्या धक्क्यावाचून कथा उभी राहू शकते हे त्यांनी दाखविले. १९७९ साली आमच्या शेजारच्या चंद्रपुरास मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा तेच अध्यक्ष होते. पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आणि 'सत्यकथा' मासिक हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, तो येथे पुन्हा सांगत नाही. धारवाडला राहून जी. ए. कुलकर्णींनी अशा लांब कथा लिहिल्या की त्यांना कादंबरी म्हणण्याचा मोह व्हावा. त्यांनी त्यांना कथाच म्हटले. बाबूराव बागुलांची 'सूड' १९७० ची. ती दीर्घकथा म्हणा वा लघुकादंबरी, एका बैठकीत वाचून होते आणि मग झोप लागत नाही.

या मधल्या आकाराला मराठीत हक्काचे घर मिळाले ते दिवाळी अंकांत. मुखपृष्ठावर 'संपूर्ण कादंबरी' अशी जाहिरात असे. आत पाहावे तर साठ-सत्तर पाने. आमच्या लहानपणी वाचनालयात तो अंक आधी कोणाला मिळणार यावरून भांडणे होत. त्यांतले पुष्कळसे लेखन घाईचे, पाने भरण्यापुरते असे हेही खरे. तरीपण लेखकाला आठ पाने आणि चारशे पाने यांच्या मधली जागा हवी असेल तर ती तेथे मिळत होती.

या आकाराची उत्तम मराठी उदाहरणे मोजकी आहेत. विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' १९३९ चे. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर एक मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली हॅर्टा नावाची ज्यू मुलगी. प्रवास संपेपर्यंतचा काळ, तेवढेच त्यांचे आयुष्य. तरुणाचे नाव चक्रधर, हा निव्वळ योगायोग. दुसरे उदाहरण माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ ची. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, शाळा चालवितो, सर्वांच्या श्रमाने तालीम बांधली जाते, मग पाऊस पडत नाही आणि वाडी रिकामी होते. सबंध आयुष्ये येथे नाहीत. आहे तो एका वाडीच्या असण्या-नसण्यातला काळ. पु. शि. रेग्यांची 'सावित्री' १९६२ ची, केवळ पत्रांची. तिघांनीही पाने थोडी घेतली, पण त्या थोड्या पानांत कोठेही घाई नाही.

'बनगरवाडी' पुन्हा वाचताना मला त्या वहीची आठवण येऊन चटका बसला. वाडी उठली ही बातमी एका ओळीची आहे. ती उठण्याआधी तालीम बांधण्यात किती जणांचे हात लागले, हे वाचले असेल तरच ती ओळ लागते.

हेच मी वर्षानुवर्षे वेदीवरून वाचीत आलो होतो. जुन्या करारातील रूथचा ग्रंथ चार अध्यायांचा, पंच्याऐंशी वचनांचा आहे. बायबलचे अभ्यासक त्याला लघुकथा वा नोव्हेलाच म्हणतात. दोन ओळींत सांगायचे तर मवाबातली एक विधवा सासूबरोबर बेथलेहेमास आली आणि तिने बवाजाशी लग्न केले. पण ग्रंथ काय करतो? पहिल्या अध्यायात आपल्याला रस्त्यावर थांबवितो. सासू दोघी सुनांना परत जा म्हणते आणि एक जाते. दुसऱ्यात जवाच्या शेतात सरवा वेचायला लावतो. तिसऱ्यात रात्रीच्या खळ्यावर नेतो. चौथ्यात गावच्या वेशीत पंचांपुढे उभे करतो. भंडाऱ्याच्या धानाच्या मुलखात राहणाऱ्याला सरवा आणि खळे समजावून द्यावे लागत नाही. यांतला एक मुक्काम वगळा, रूथ आपल्याला परकीच राहते. योनाचा ग्रंथही चारच अध्यायांचा. तो देवाच्या प्रश्नावर संपतो आणि योनाचे उत्तर लिहिलेलेच नाही. आपल्या कॅथलिक बायबलात तोबीत आणि यहूदीथ हे आणखी दोन ग्रंथ याच जातीचे. तोबीतमध्ये तर मुलाबरोबर प्रवासाला त्याचा कुत्राही निघतो. कथानकात त्या कुत्र्याला काहीएक काम नाही. मी संपादक असतो तर तो पहिल्यांदा कापला असता.

गेल्या वर्षी ती मुलगी माहेरी आली होती. आता ती तुमसरकडे शाळेत शिकविते. मी तिला म्हटले, "बाळ, तुझी वही मी वाचली होती, पण मला ती कळली नव्हती. ते कापणं चुकलं." ती थोडी हसली. आणखी एक गोष्ट मला कबूल करायची होती. तिच्या आजोबा-आजींचे बोलणे झाडीबोलीत होते आणि छापण्याआधी ते मी 'शुद्ध' करायला लावले होते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा एवढा अभ्यास मांडून ठेवलेला असताना मला हे सुचावे याची आज लाज वाटते. मी वही पुन्हा मागितली. ती म्हणाली, वही आईच्या पेटीत आहे, पण पेटीला ओल लागली आणि सुरुवातीची बारा-पंधरा पाने एकमेकांना चिकटून बसली आहेत. झाडे मोजण्याचा भाग त्यातच आहे.

"आजोबा अजून आहेत फादर," ती म्हणाली. "त्यांना पुन्हा मोजायला लावीन. आकडा पुन्हा वेगळाच येईल म्हणा."